शिफ्ट इन्चार्ज झालात आणि लाईनच बदलायला लागली, आता माणसं कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला ऑटो कंपोनंटच्या कंपनीत आठ वर्षं, त्यातली बरीचशी सेटर (मशीन लावून देणारा) म्हणून, आणि चार महिन्यांपूर्वी शिफ्ट इन्चार्ज. हाताखाली ३८ माणसं, त्यातले ९ जुने परमनंट, बाकी कंत्राटी, ट्रेनी आणि अप्रेंटिस. वर आता लोडिंगला रोबो आलेत, कागदी लॉगशीट जाऊन टॅब आलेत, आणि दोन सेल (मशीनचे गट) इंजिनच्या पार्टवरून इलेक्ट्रिक गाडीच्या मोटर शाफ्टवर चाललेत. कंपनीने हॉटेलात दोन दिवस लीडरशिपचं ट्रेनिंग दिलं, तिथे छान वाटलं, सोमवारी शॉपवर आलात तर सगळं जिथल्या तिथे. जुने ऐकत नाहीत, नवीन पोरं टिकत नाहीत, आणि वरून रोजचा आकडा. आणि शेवटी विचारलंय की लीडरशिप खरंच शिकता येते का, का ती अंगातच असावी लागते, आणि एमबीए केलं तर फरक पडेल का.

शिकता येते. मी १९९५ ला आयटीआय टर्नर करून भोसरीला अप्रेंटिस लागलो, मग ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर, शेवटी प्रॉडक्शन हेड, आणि गेली चार वर्षं फक्त सुपरवायझर लोकांसोबतच काम करतोय, चाकण, रांजणगाव, वाळूज, कधी नाशिकला सातपूर-अंबड. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट बघायला शिकलोय, ती म्हणजे त्या लाईनवरची वाईट बातमी इन्चार्जपर्यंत किती वेळात पोचते. बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, साईजबाहेर चाललाय, कोणीतरी मशीन ठोकलीय (टूल आत आदळवलंय), थर्ड शिफ्टला १२ पीस संशयास्पद निघाले आणि ते कुठे गेले माहीत नाही, दोन पोरं उद्यापासून यायची नाहीत. हे तुम्हाला दहा मिनिटांत कळतं, का दुसऱ्या दिवशी क्वालिटीवाल्याकडून कळतं, का महिन्याने कस्टमरच्या मेलवरून? लाईन जुनी आणि स्थिर असेल तर उशिरा कळूनही एकवेळ भागतं, पण सगळंच बदलत असतं तेव्हा रोज काहीतरी नवीन बिघडणार असतं आणि त्याची पहिली खबर ऑपरेटरलाच असते. म्हणून मी पुढे जे सांगतोय ते सगळं यासाठीच आहे, की ती खबर त्याने तुमच्याकडे आणावी.

आधी हाताचं बोलू. तुम्ही चांगले सेटर होता म्हणून तुम्हाला इन्चार्ज केलं आणि नेमकं तेच आता आडवं येणार. माझंही हेच झालं. २००४ साल, मी नवीन सुपरवायझर, कुठल्या मशीनवर बोअर ओव्हर जायला लागला की मी ऑपरेटरला म्हणायचो सरक जरा, स्वतः ऑफसेट टाकायचो (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती), पीस काढायचो, गेज लावून माप बघायचो, ओके, चला. पाच मिनिटांत काम. मला वाटायचं यामुळे लोक मला मानतात. त्या वर्षी गणपतीला तीन दिवस गावी गेलो आणि परत आल्यावर कळलं की सेकंड शिफ्टला एक मशीन दोन तास उभी होती, कशासाठी तर २० मायक्रॉनच्या ऑफसेटसाठी. ऑपरेटर आठ वर्षांचा अनुभवी माणूस. मी चिडून विचारलं, एवढं येत नाही का तुला? तो शांतपणे म्हणाला, "येतं साहेब, पण तुम्ही करू देत नाही, आणि माझ्या हातून चुकलं असतं तर?" त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या पाच-पाच मिनिटांच्या मदतीने मी दहा माणसांचा हात बांधून ठेवला होता आणि मला ते कळलंही नव्हतं.

त्यानंतर मी हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय लावली, अक्षरशः पाठीमागे. मशीन अडली की विचारायचं, तुला काय दिसतंय? आणि मग गप्प बसायचं, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, कारण उत्तर तुम्हाला माहीत असतं आणि तो अजून विचार करत असतो. मग, तू काय करशील? मग, कर, मी इथेच उभा आहे. पहिले दोन-तीन आठवडे आकडा थोडा खाली येतो, त्याबद्दल वरच्याला आधीच सांगून ठेवा, लपवू नका. फक्त गार्ड उघडा असेल, कोणाचा हात आत असेल, किंवा कस्टमरची लाईन आपल्या पीसवाचून थांबायला आली असेल, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवून सरळ आदेश द्यायचा, तिथे चर्चा नाही.

आता नवीन पोरं टिकत नाहीत त्याबद्दल. याचं कारण बहुतेक ठिकाणी पगार सांगतात, आणि पगार आहेच, पण पहिल्या आठवड्यात त्याला कोणी नीट शिकवलं का हे कोणी बघत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांची अशीच अवस्था झाली होती, तयार कामगार सैन्यात गेले आणि ज्यांनी आयुष्यात मशीन बघितली नव्हती अशी माणसं, त्यात लाखो बायका, लाईनवर आली. तेव्हा १९४० ते १९४५ मध्ये तिथल्या सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालवला, फोरमन लोकांसाठी, प्रत्येक विषयाला दोन-दोन तासांची पाच सत्रं, म्हणजे दहा तास. काम कसं शिकवायचं, माणसांशी कसं वागायचं, काम सोपं कसं करायचं, हे तीन मुख्य विषय. युद्धानंतर तोच कार्यक्रम जपानमध्ये गेला आणि १९५० च्या दशकात टोयोटाने उचलला, आपण आज स्टँडर्ड वर्क (कामाची ठरलेली एकच पद्धत) आणि कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) म्हणून जे करतो त्यातलं बरंच तिथून आलंय. मला यात सगळ्यात आवडतं ते हे, की शिकणाऱ्याला जमलं नाही तर दोष शिकवणाऱ्याचा धरायचा असा त्यांचा नियमच होता.

हे आपल्या शॉपवर कसं दिसतं सांगतो. फिक्श्चरमध्ये, म्हणजे पीस धरून ठेवणाऱ्या साच्यात, पीस बसवायचा, एवढं साधं काम. जुना ऑपरेटर पोराला म्हणतो, हे बघ असं, समजलं? पोरगं मान हलवतं. दोन तासांनी बोअर तिरका. कारण लोकेटरवर (पीस जिथे टेकतो तिथे) बारीक चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कण, राहिली होती, जुना माणूस पीस ठेवायच्या आधी अंगठा फिरवतो आणि त्याला स्वतःलाच माहीत नाही की तो अंगठा फिरवतो. म्हणून आधी कागदावर काम फोडा, पायरी काय, त्यात जपायचं काय, आणि का. लोकेटर पुसायचा, अंगठा फिरवून बघायचा, का तर चिपवर पीस बसला की तिरका कापला जातो. मग करून दाखवा, एकदा नुसतं, एकदा जपायच्या गोष्टी बोलत, एकदा कारणं बोलत. मग पोराने करायचं आणि त्याने बोलायचं, त्याच्या भाषेत, बिहारचा असेल तर हिंदीत, ओडिशाचा असेल तर मोडक्यातोडक्या हिंदीत, चालेल, पण "का" त्याच्या तोंडून आलं पाहिजे. मान हलवणं धरायचं नाही. एका ऑपरेशनला पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात त्या पोराला हेही कळतं की इथे आपल्याकडे बघणारं कोणीतरी आहे. माझ्या अनुभवात जे पोरगं पहिल्या आठवड्यात असं शिकलंय ते सहसा पगाराच्या दुसऱ्या दिवशी गायब होत नाही.

अप्रेंटिसचं वेगळं सांगावंसं वाटतं कारण मी स्वतः तिथून आलोय. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि त्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे असं स्पष्ट धरलंय. पण कितीतरी ठिकाणी त्या पोराकडून वर्षभर पीसचे बिन (डबे) ढकलून घेतात. तुमच्या ३८ मध्ये असे किती आहेत ते बघा, आणि प्रत्येकाला दर महिन्याला एक नवीन ऑपरेशन मिळतंय का याची नोंद स्वतः ठेवा, एचआरवर सोडू नका.

टॅबचं प्रकरण. तुम्ही लिहिलंय की जुने लोक टॅब नीट भरत नाहीत, डाऊनटाइमचं, म्हणजे मशीन बंद राहिल्याचं, कारण विचारलं की सगळे "सेटिंग" नाहीतर "इतर" दाबतात, त्यांना टेक्नॉलॉजी नको आहे. मला ते इतकं सोपं वाटत नाही. ही माणसं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतात, फोनवर पैसे पाठवतात, टॅब त्यांना अवघड नाही. एका प्लांटला मी हेच बघितलं आणि चार दिवस नुसता चहाच्या वेळेला त्यांच्यात बसलो, पाचव्या दिवशी एकाने सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यात एका ऑपरेटरने खरं कारण भरलं, "टूल चुकीचं लावलं, मशीन ठोकली", आणि ते सकाळच्या मीटिंगला पडद्यावर त्याच्या नावासकट आलं, आणि संध्याकाळी त्याला मेमो. त्या दिवसापासून अख्ख्या शॉपने ठरवलं की "इतर" दाबायचं. चूक त्यांची म्हणायची का? खरं लिहिलं की मार बसतो हे त्यांना कंपनीनेच शिकवलं होतं. (आणि दोघा-तिघांना ती बारीक इंग्रजी अक्षरं दिसतच नव्हती, चष्मा लागला होता आणि पोरांसमोर सांगायची लाज, तेही एक असतं, अक्षर मोठं करून मराठी-हिंदीत कोड टाकले की सुटतं.)

यावर उपाय एकच आणि तो तुमच्या हातात आहे. सकाळच्या मीटिंगला तुमच्या लाईनचं काही निघालं की "माझ्या लाईनवर झालं, कारण हे, करतोय हे" असं म्हणायचं, माणसाचं नाव घ्यायचं नाही. वरचा विचारेलच कोणी केलं, तेव्हाही "सर, ते मी बघतोय" एवढंच. तो माणूस मीटिंगला नसतो पण त्याला तासाभरात कळतं तुम्ही काय बोललात ते, शॉपवर काही लपत नाही. दोन-तीनदा असं झालं की एक दिवस कोणीतरी स्वतःहून येऊन सांगेल, साहेब जरा गडबड झालीय, या इकडे. त्या क्षणी तुमच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. "काय केलंस रे" निघाला तर संपलं. "बरं झालं लगेच सांगितलंस, चल बघू" निघाला पाहिजे, आणि तो आतून निघाला पाहिजे, त्यासाठी मला स्वतःला दोन वर्षं लागली. मुद्दाम कोणी करत असेल, परत परत तेच होत असेल, तर बाजूला घेऊन कडक बोलायचंच, पण ते नंतर आणि एकट्याला.

रूट कॉजबद्दलही, म्हणजे चुकीच्या मूळ कारणाबद्दल, इथेच सांगतो. एट डी रिपोर्टमध्ये (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) "ऑपरेटरचा निष्काळजीपणा, ट्रेनिंग दिलं" असं लिहून मोकळं व्हायची पद्धत कितीतरी ठिकाणी आहे. हे तुमच्या सहीने कधीच जाऊ देऊ नका. उलटा पीस बसला तर फिक्श्चर उलटा पीस घेतो कसा हे विचारा, एक पिन टाकून तो बसणारच नाही असं करता येतं का बघा, आणि ती पिन कुठे टाकायची हे त्याच ऑपरेटरला विचारा. आपल्या देशात क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनीच गट करून आपल्या कामातले प्रश्न सोडवण्याची, सुरुवात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीत झाली आणि तिथून ती सगळीकडे गेली, पुणे पट्ट्यात तर भिंतीभिंतीवर बोर्ड दिसतात. पण बऱ्याच ठिकाणी प्रेझेंटेशन इंजिनिअर बनवतो आणि ऑपरेटर ते पाठ करून म्हणतो. तुमच्या लाईनला एकदा तरी ऑपरेटरला त्याच्या शब्दांत, त्याने पेनने काढलेल्या चित्रावरून बोलू द्या, अडखळत बोलेल, तरी चालेल.

आता इलेक्ट्रिकचं, कारण मला वाटतं तुमच्या लाईनवरची खरी भीती तिथे आहे आणि कोणी ती तुमच्यासमोर बोलत नाहीये. इंजिन गेलं की पिस्टन, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, इंजेक्टर, सायलेन्सर गेले. कॅन्टीनमध्ये हेच चाललेलं असतं, लाईन बंद होणार, कंत्राटी आधी काढणार, मग परमनंटना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती). इन्चार्ज गप्प बसला की लोक त्याच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावतात.

आम्ही हे २०२० ला भोगलंय. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराच्या नियमांत देश थेट बीएस-४ वरून बीएस-६ वर गेला, मधलं बीएस-५ सोडून, दुचाकीत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, जुने पार्ट एका तारखेला संपले. आमच्याकडे कार्ब्युरेटरच्या बॉडीचं मशिनिंग करणारा एक अख्खा सेल होता. आणि त्याच्या आठवडाभर आधी, २५ मार्चला, लॉकडाऊन. बाहेरची पोरं गावी अडकली किंवा गावी जायला निघाली. मे-जूनमध्ये थोड्या लोकांवर प्लांट सुरू केला तेव्हा रोज सकाळी माझ्यासमोर वीस-पंचवीस चेहरे आणि एकच प्रश्न, आमचं काय होणार? मला उत्तर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हणालो सगळं ठीक होईल, आणि तीन दिवसांनी आठ कंत्राटी मुलांना बोलावणार नाही असा निरोप वरून आला. मी खोटं बोललो असं झालं. त्यातला एकजण पाच वर्षं माझ्यासोबत होता, त्याने मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "साहेब, तुम्हाला माहीत होतं का?" मला खरंच माहीत नव्हतं, पण मग मी "ठीक होईल" कशाच्या जोरावर म्हणालो होतो?

त्यानंतर मी एक पद्धत धरली. लोकांसमोर उभं राहून तीन गोष्टी बोलायच्या, मला आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि पुढचं मी कुठल्या दिवशी सांगेन. दर शुक्रवारी, दहा मिनिटं, काही नवीन नसेल तरी जायचं आणि सांगायचं की या आठवड्यात नवीन काही नाही. तो शुक्रवार चुकवायचा नाही. नोकरीचं वचन द्यायचं नाही, ते तुमच्या हातात नाही, परमनंट करू हे तर चुकूनही बोलायचं नाही. याने अफवा थांबत नाहीत, पण लोक अफवा घेऊन तुमच्याकडे यायला लागतात, साहेब असं असं ऐकलं, खरं का? तिथे बोलायला जागा होते.

आणि तुमच्याकडे एक चांगली गोष्ट आहे, ती त्यांना नीट दाखवा. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, व्हील हब इलेक्ट्रिक गाडीतही आहेत. मोटरचा शाफ्ट हा शेवटी टर्निंग-ग्राइंडिंगचाच पीस आहे. मोटर इंजिनपेक्षा खूप जास्त फेऱ्यांनी फिरते म्हणून रनआऊट (फिरताना किती डगमगतो) आणि बॅलन्सिंगला महत्त्व जास्त, धक्का लागलेला पीस चालत नाही, हाताळणी बदलते. म्हणजे तुमच्या ज्या ऑपरेटरला आवाजावरून इन्सर्ट (टूलची कापणारी धार) गेल्याचं कळतं, त्याची गरज वाढतेय. नवीन ड्रॉइंग आलं की मशीनजवळ टेबल टाका, जुना पीस आणि नवीन पीस शेजारी ठेवा, आणि जुन्या लोकांना विचारा यात तुम्हाला काय अवघड दिसतंय. मी हे एका ठिकाणी केलं तेव्हा एका काकांनी पाच मिनिटांत सांगितलं की या लांबीला हा स्टेडी (लांब पीसला मधे दिलेला आधार) नीट धरणार नाही, चॅटर येईल, म्हणजे कापताना पीस थरथरेल. प्रोसेस डिझाईनवाल्यांनी ते धरलं नव्हतं. ट्रायलला चॅटर आलाच, पण आम्ही तयार होतो.

रोबोच्या बाबतीत तुम्ही स्वतः आधी शिका, आणि लोकांसमोर शिका. व्हेंडरचा माणूस येतो तेव्हा ट्रेनिंग रूममध्ये एकट्याने शिकून येऊ नका, दोन ऑपरेटर सोबत घ्या आणि तुम्हाला कळलं नाही ते त्यांच्यादेखत विचारा. ग्रिपरची (रोबोच्या पकडीची) पोझिशन टीच पेंडंटवरून, म्हणजे हातातल्या रिमोटवरून, कशी दुरुस्त करतात, अलार्म आला तर कुठपर्यंत आपण करायचं आणि कुठे हात लावायचा नाही. साहेबालाही हे नवीन आहे आणि साहेब विचारतोय, हे बघितलं की पन्नाशीतला माणूस विचारायला कमी लाजतो.

आता त्या मामांबद्दल, तुम्ही ज्यांना "लाईनचे खरे मालक" म्हणालात. वय ५४, तुमच्या जन्माच्या आसपास ते लाईनला लागलेत, तुम्ही ट्रेनी असताना त्यांनीच तुम्हाला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, आणि आता तुम्ही त्यांचे साहेब. त्यांना मामाच म्हणा, चारचौघांत तर नक्कीच, इन्चार्ज झालो म्हणून अचानक आडनावाने हाक मारायला लागलात तर ते कायमचं मनात राहील. पण मामा म्हणून नियमातून सूट द्यायची नाही, कारण बाकीचे ३७ जण तेच बघत असतात. सेफ्टी गॉगल घालत नाहीत म्हणालात ना, तर असं बोलता येतं: "मामा, तुमच्याकडूनच शिकलोय मी, तुम्हाला सांगताना मला जड जातं, पण गॉगल घातल्याशिवाय मी मशीन चालू करू देणार नाही. उद्या काही झालं तर मामींना मी काय सांगू?" आणि मग खरंच चालू करू द्यायची नाही, तिथेच उभं राहायचं. ते पहिल्या दिवशी रागावतील. रागावू द्या. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा त्यांच्यासोबत प्या. आणि एक, त्यांना एकदा विचारा की तुमच्यानंतर हे काम कोणाला येतं? बहुतेक वेळा कोणालाच येत नाही आणि हे त्यांनाही आत कुठेतरी टोचत असतं. त्यांच्या हाताखाली एक चांगलं पोरगं द्या, त्यांनी निवडलेलं.

कंत्राटी आणि परमनंट ही दरी तुम्ही मिटवू शकत नाही, पगारातला फरक तुमच्या हातात नाही. पण "ए कंत्राटी" अशी हाक तुमच्या लाईनवर ऐकू येणार नाही एवढं नक्की करू शकता, नावं पाठ करा, ३८ म्हणजे फार नाहीत. स्किल मॅट्रिक्सच्या (कोणाला कुठलं काम येतं त्याच्या) बोर्डवर त्यांचीही नावं लावा, चांगल्या कामाची दखल त्याच बोर्डवर घ्या, शूज-ग्लोव्हज एकाच दर्जाचे मिळतायत का बघा. तुमच्या लाईनवर मुली असतील तर आणखी एक. २०१५ मध्ये महाराष्ट्राने फॅक्टरी कायद्यात बदल करून महिलांना अटींवर रात्रपाळी मोकळी केली, त्या अटींत सुरक्षितता आणि वाहतुकीची सोय होती. ते कागद एचआरकडे असतील, पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस खरंच आली का, सगळ्या चढल्या का, हे जो इन्चार्ज गेटपर्यंत जाऊन बघतो त्याच्या लाईनवर मुली टिकतात, हे मी तीन-चार प्लांटला बघितलंय.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. सुरुवात हँडओव्हरपासून करा. शिफ्ट बदलताना केबिनमध्ये रजिस्टरवर सही करून निघायचं ही पद्धत सोडा. पंधरा मिनिटं आधी या, जाणाऱ्या इन्चार्जसोबत मशीन ते मशीन चाला, लाल बिनमधला (बाद पीसच्या डब्यातला) प्रत्येक पीस हातात घेऊन विचारा हा का पडला. आज माणूस, मशीन, मटेरियल, पद्धत यातलं काय बदललंय, नवीन माणूस कुठे आहे, टूल कधी बदललं, कुठल्या लॉटबद्दल शंका आहे. जाणारा इन्चार्ज सुरुवातीला काही सांगणार नाही कारण त्याला वाटतं तुम्ही त्याच्या नावाने वर बोंब मारणार. तुमच्या शिफ्टमधलं वाईट तुम्ही त्याला आधी सांगा. माझ्या इथे आठ पीस गेले, चूक आमची, बघून घे. दोन आठवड्यांत तोही सांगायला लागेल.

आणि खिशात एक छोटी वही. प्रत्येक गडबडीच्या समोर दोनच वेळा लिहा, झालं कधी, तुम्हाला कळलं कधी. कोणाला दाखवायची नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका महिन्यात १९ नोंदी झाल्या, त्यातल्या ११ मला दुसऱ्या शिफ्टमध्ये किंवा दुसऱ्या दिवशी कळल्या होत्या, आणि मी समजत होतो की माझं शॉपवर लक्ष आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दुसऱ्या दिवसावर गेलेल्या फक्त दोन. नोंदी मात्र कमी झाल्या नव्हत्या, वाढल्या होत्या, ३० च्या वर. वही कोणी बघितली नव्हती, पण वरच्यांना माझ्या लाईनवरून कळवलेल्या गडबडी वाढलेल्या दिसल्या आणि मला बोलावलं, तेव्हा त्यांना समजावून सांगायला दोन मीटिंग लागल्या, पण कस्टमरच्या तक्रारी उतरलेल्या होत्या म्हणून ऐकलं.

एमबीएचं विचारलंत. पार्ट टाइम जरूर करा, कॉस्टिंग, फायनान्स समजतं, वरच्या मीटिंगला त्यांच्या भाषेत बोलता येतं, पुढे प्लांट हेड व्हायचं असेल तर उपयोगी आहे. पण या वर्षी नको. नवीन लाईन बसेपर्यंत संध्याकाळी क्लासला पळायची घाई ठेवू नका, कारण सेकंड शिफ्टचा पहिला तास तुम्हाला लागणार आहे. त्याऐवजी शेजारच्या लाईनच्या एखाद्या इन्चार्जला सांगा की आठवड्यातून एकदा माझ्या शिफ्टमध्ये अर्धा तास उभा राहा आणि मी लोकांशी कसा बोलतो ते नंतर मला सांग, आणि तुम्ही त्याच्याकडे जा. त्याला फुकट आहे, तुम्हालाही. पहिल्यांदा ऐकताना त्रास होईल. मला सांगितलं होतं की समोरचा बोलत असताना मी घड्याळ बघतो.